चप्पल घालताना विचारलेला प्रश्न

“हा लेख माझ्या वेबसाइटवर येणार न्हाई म्हंजे न्हाई,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी कप बशीत असा आपटला की निम्मा चहा टेबलावर आला.

मी म्हटलं, “अण्णा, तुमचा या महिन्याचा ‘नको’ मघाशीच खर्च झालाय.”

“कवा?”

“बांबूच्या चाळीला नको म्हणालात तेव्हा.”

अण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या मुलाकडे. विक्रम लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने डोकं वर काढलं नाही. बाहेर वर्कशॉपमध्ये लोखंडी अँगल कापायचं मशीन चालू होतं. ते थांबल्यावर अण्णा पुन्हा माझ्याकडे वळले.

“म्हंजे ते बांबूचं तुमी मुद्दाम काढलं व्हय?”

मी टेबलावरचा चहा पुसायला फडकं शोधत राहिले.

ही मीटिंग लोणंदला झाली. भांडण कशावरून होतं ते सांगायचं तर आधी माझा धंदा सांगावा लागेल. तो सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, तेव्हा आणखी एकदा सांगते.

एखादा पंपवाला, मसालेवाला किंवा दवाखानेवाला वेबसाइट काढतो. तिथे स्वतःची जाहिरात करतो. पण मोबाइलवर जाहिरात शोधायला कोणी बसत नाही. माणूस तिथे आपला प्रश्न टाकतो. त्या प्रश्नाचं उत्तर देणारा लेख तुमच्या वेबसाइटवर असेल, तर तो माणूस तुमच्या दारापर्यंत येतो. या लेखांना ब्लॉग म्हणतात. हे लेख मी लिहिते. माधवनगरला सुताच्या गोदामावर एक खोली भाड्याने घेतली आहे, तिथे बसून लिहिते. लिहिणं हा त्यातला सोपा भाग. कशावर लिहायचं हे ठरवणं अवघड. आणि ज्याचा धंदा आहे त्याच्या गळी ते उतरवणं, त्यात माणूस थकतो.

मी पत्रकारितेचा कोर्स केलेला नाही. माझी आई मिरजेच्या बाजारात बांगड्यांचा गाळा लावायची. गाळा म्हणजे काय, दुसऱ्याच्या दुकानाच्या पडवीत चटई. बोलायचं कसं, घासाघीस कशी करायची आणि कधी उठून जायचं, हे मी त्या चटईवर शिकले. बाकीचं कॉम्प्युटर क्लासमध्ये.

अण्णांचा कारखाना कांद्याच्या चाळींचा. शहरातल्या वाचकांनी खोल्यांची चाळ डोळ्यापुढे आणू नये. कांद्याची चाळ म्हणजे जमिनीपासून उंच उचललेली, फटी ठेवलेल्या भिंतींची लांबट शेड. चारी बाजूंनी वारा खेळतो म्हणून कांदा महिनोन्‌महिने टिकतो. अण्णा लोखंडी चाळी बनवून शेतात उभ्या करून देतात. माल चांगला. मी बाजारात वाढलेली आहे, वाईट मालाची बाजू मी घेत नाही.

पहिल्या भेटीत आमची घासाघीस दुपार संपेपर्यंत चालली. दरावर फार अडलं नाही. अडलं ते हक्कावर. अण्णांचं म्हणणं, प्रत्येक विषय आधी ते पास करणार.

“दुकान माझं हाय, ताई. माझ्या दुकानावर काय लिवायचं ते मी सांगणार.”

“मग लिहा तुम्हीच,” मी पिशवी उचलली. “मला काय, गाडी साडेचारची आहे, स्टेशनवर बसते.”

“आवं, बसा की. लगीच काय उठताय!”

शेवटी ठरलं ते असं. विषय मी काढणार. अण्णांना महिन्यातून एक ‘नको’. कोणत्याही एका विषयाला कारण न देता नको म्हणायचं, मी तो टाकून देणार. पण एकच. या महिन्यात वापरला नाही तर पुढच्या महिन्यात दोन मिळणार नाहीत. विक्रमला हे फार आवडलं. त्याने पुण्यात एमबीए केलंय. तो म्हणाला, “पप्पा, याला व्हेटो म्हणतात.” अण्णा म्हणाले, “काय बी म्हण. एक तर एक.”

नावाचा विषय मात्र मी टेबलावर काढला नाही.

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाने लिहीत आले. मिरजेच्या एका डॉक्टरांचं ‘मनोगत’ मी लिहिलंय. सांगलीच्या एका मसालेवाल्या काकूंच्या ‘आठवणीतल्या पाककृती’ मी लिहिल्यात, काकूंना भेटल्याशिवाय. नवा मालक विचारतो, “मॅडम, तुम्ही लिहिलेलं काही दाखवा.” मी दाखवते. तो खाली डॉक्टरांचं नाव वाचतो आणि माझ्याकडे बघून हसतो. त्या हसण्याचा अर्थ मला कळतो. दरवेळी पहिल्यापासून सुरुवात. म्हणून मला या कामात लेखाखाली माझं नाव हवं होतं. बाकी सगळ्यापेक्षा ते हवं होतं. पण ज्याची गरज जास्त ते शेवटी आणि सहज काढायचं, हे बाजारातलं शिक्षण. दर चालू असताना नाव मागितलं, तर समोरचा नाव लगेच देतो आणि त्याच्या बदल्यात दर पाडतो.

म्हणून मी उठले, बाहेर आले, पायरीशी चप्पल घालता घालता मागे वळून विचारलं, “अण्णा, लेखाखाली नाव माझं टाकायचं ना?”

आतून आवाज आला, “चालतंय की!”

साडेचारची गाडी मिळाली. खिडकीही मिळाली. मी खुशीत होते.

पहिले काही आठवडे वाया गेले. विक्रमने त्याच्या पुण्याच्या मित्राकडून एक ‘कंटेंट कॅलेंडर’ आणलं होतं. कोणत्या तारखेला कोणता लेख टाकायचा, त्याचा रंगीत तक्ता. तक्ता सुरेख होता. आत विषय नव्हते. विषय काढायला त्याने एका कीवर्ड टूलची मदत घेतली. कीवर्ड म्हणजे लोक शोधताना जे शब्द टाइप करतात ते. टूल त्या शब्दांची यादी देतं. आमच्या यादीत सगळ्यात वर आलं, ‘चाळीत खोली भाड्याने’.

“हे काढून टाकू ना?” विक्रमने विचारलं.

“नको, राहू दे. कांदे भाडं भरतील.”

त्या टूलने ‘हळवा कांदा’, म्हणजे लवकर येणारा कांदा, याचं इंग्रजी करून पुन्हा मराठी केलं होतं. ते झालं होतं ‘संवेदनशील कांदा’. हे मी घरी आईला सांगितलं. ती बराच वेळ हसली.

अण्णांच्याही कल्पना होत्या. “आमच्या वडलांवर लिवा. सायकलवर इळं-खुरपी इकायचे.” “दसऱ्याच्या शुभेच्छा लिवा.” “आमदार आल्तं त्याचा फोटू लय भारी आलाय, त्येच्यावर कायतरी लिवा.” मी वडिलांवर लिहिलं, लेख बरा झाला. ‘कांदा चाळीचे फायदे’ लिहिला. तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक चाळवाल्याने लिहिलेला आहे. दोन्ही लेख कोणी वाचले नाहीत. अण्णांच्या पाहुण्यांनी लाइकचे अंगठे दिले, तेवढंच.

मग मी माझ्या जुन्या पद्धतीवर आले.

आईच्या चटईवर मी एक गोष्ट पाहत आले होते. बाई बसते, बांगड्या चढवून घेते, भाव करते, रंगावर बोलते, जावेची निंदा करते. हे सगळं वेळ काढणं असतं. उठते, पदर सावरते, चपलेत पाय घालते आणि मग विचारते, “भांडी घासताना टिचणार नाहीत ना गं?” ती आलेली असते तो प्रश्न घेऊन. तो बसून विचारायची तिला लाज वाटते, कारण बसून विचारलं तर भरवसा नाही असं दिसतं. खरा प्रश्न माणूस जाता जाता विचारतो.

अण्णांच्या ऑफिसात देवाचा मोठा फोटो आहे, म्हणून सगळे चपला बाहेर काढतात. पायरीशेजारी एक बाक आहे. बाजाराच्या दिवशी मी सकाळच्या गाडीने जायची आणि त्या बाकावर बसायची. हळव्याचा हंगाम होता. लोणंदच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर, पिकअप आणि वाऱ्यावर उडणारे कांद्याचे पापुद्रे. डोळे चुरचुरायचे. लोक मला आत जायला नंबर लावून बसलेली बाई समजून विचारायचे, “मालक हायेत का आत?”

आत जे बोलणं चालायचं ते ‘कांदा चाळीचे फायदे’. लोखंडाचं गेज, म्हणजे जाडी, किती, पत्रा कोणता, किती दिवसांत उभी करता. बाहेर आल्यावर, वाकून चपलेचा अंगठा शोधताना, माणूस मागे वळून विचारायचा. एक जण विचारणार, “उंदरं शिरत्यात का ओ यात?” दुसरा विचारणार, “भाऊभाऊ वायलं निघालो तर ही निम्मी करून नेता येती का?” हा विषय मला कुठल्या टूलने दिला असता? मी त्यावर लेख लिहिला, उंदरांवरही लिहिला, आणि ते पहिल्यांदा अनोळखी लोकांनी वाचले.

पण सगळ्यात जास्त वेळा कानावर आला तो एकच प्रश्न. म्हातारे विचारायचे, तरुण विचारायचे, एका बाईने तर परत पायरी चढून विचारलं.

“हळवा बी ठेवला तर चालंल न्हवं यात?”

आणि आतून, मान वर न करता, अण्णा ओरडायचे, “चालतंय की!”

हळवा आणि गरवा हे कांद्याचे दोन प्रकार. हळवा लवकर येतो, पावसाळ्यातला, दिवाळीच्या आगेमागे बाजारात. पाणीदार असतो आणि टिकत नाही. गरवा उशिरा येतो, उन्हाळ्याच्या तोंडाला, आणि तोच चाळीत टिकतो. हे या भागात पोरासोरांना माहीत आहे. मग विचारतात कशाला? कारण हळव्याचा भाव पडला की माणसाला वाटतं, थोडे दिवस थांबू. थोडे दिवसच. चाळ नवी आहे, लोखंडी आहे, महागाची आहे, कदाचित टिकेल. उत्तर त्याला माहीत असतं. त्याला कोणीतरी दुसरं उत्तर द्यायला हवं असतं. अण्णा द्यायचे.

एका बाजाराच्या दिवशी सुभेदार आले.

हे खंडाळा तालुक्यातलेच, फौजेतून निवृत्त. ताठ चालायचे. चपला काढल्या, जोड सरळ लावून ठेवला, खांद्यावर एक पोतं होतं ते घेऊन आत गेले. मी बाकावरून उठून दारात उभी राहिले. त्यांनी पोतं अण्णांच्या टेबलावर ठेवलं आणि तोंड सोडलं. कोंब आलेले, काळं पाणी सुटलेले कांदे. वास असा की विक्रम लॅपटॉप घेऊन मागे सरकला.

“ही तुमची चाळ,” सुभेदार म्हणाले.

अण्णांनी एक कांदा चिमटीत धरून बघितला. “आवं, हा तर हळवा हाय.”

“व्हय. हळवाच हाय.”

“हळवा कुटं टिकतोय का, सुभेदार?”

“मी इचारलं हुतं. ह्या दारात उभा ऱ्हाऊन इचारलं हुतं. तुमी म्हणालात, चालतंय.”

“आवं…” अण्णांनी कांदा पोत्यात टाकला आणि हात पुसले. “बोलायची पद्धत असती ती. आला-गेला कायबी इचारतो. त्येला न्हाई कसं म्हणायचं?”

“फौजेत चालतंय नसतं, अण्णा. येस सर, न्हाई तर नो सर. तुमचं चालतंय म्हणजे काय ते एकदा लिहून तरी लावा भिंतीवर.”

ते पोतं तिथेच ठेवून गेले. जाताना चपला घातल्या, पण काही विचारलं नाही.

अण्णा वाईट माणूस नाही, हे मला इथे लिहावं लागतंय, पुढचं लिहायचं आहे म्हणून. त्यांनी कोणाला फसवायला ‘चालतंय’ म्हटलेलं नव्हतं. आमच्याकडे तो होकार नसतो. घरी आलेल्या माणसाला पाणी द्यावं तसं ते देतात. पण पाणी पिऊन कोणाचा कांदा सडत नाही.

परतीच्या गाडीत मी लेखाचं शीर्षक लिहिलं, ‘हळवा कांदा चाळीत ठेवायचा का? नका ठेवू.’ आणि मग विचार करत बसले की हा पास कसा होणार. अण्णांचा त्या महिन्याचा ‘नको’ शिल्लक होता. सरळ दाखवला तर ते तो यावरच वापरणार. सुभेदारांचं पोतं ताजं होतं.

म्हणून मी दुसरा विषय काढला. ‘लोखंडी चाळीपेक्षा बांबूची चाळ केव्हा बरी?’

मीटिंगमध्ये तो आधी वाचला. अण्णा खुर्चीतून उठले. “बांबू? माझ्याच दुकानात बसून बांबू? त्या बांबूवाल्यानं पाठवलीय का तुमाला?”

“म्हणजे नको?”

“नको! धा येळा नको!”

“एकदा पुरे,” मी म्हटलं आणि पुढचा विषय वाचला.

चहा सांडला तो यानंतर. तिथून मी सुरुवात केली होती.

“बाई, तुमी बाजारातल्या हाय,” अण्णा थोड्या वेळाने म्हणाले. राग होता, पण त्यात कौतुकही होतं. घासाघीस करणाऱ्याला हरवलं की तो असाच बोलतो.

“हो. आईने बांगड्या विकल्यात.”

“आन् मी काय इकायचं? माझ्याच गिऱ्हाइकाला सांगायचं, घेऊ नगा?”

“घेऊ नका असं कुठं लिहिलंय? हळवा ठेवू नका असं लिहिलंय. अण्णा, ज्याचा कांदा सडतो तो गप्प बसत नाही. तो पोतं घेऊन तुमच्याकडे एकदा येतो आणि पारावर रोज बसतो.”

“पप्पा, याला ट्रस्ट म्हणतात,” विक्रम म्हणाला.

“तू गप ऱ्हा. तुझ्या टूलानं संवेदनशील कांदा काढलाय.”

पण ठरलं ते ठरलं. एवढं मानावं लागेल, अण्णांनी शब्द फिरवला नाही. जो शब्द टेबलावर दिला होता तो.

मी लेख चपलेच्या क्रमाने लिहिला. म्हणजे आधी जो प्रश्न सगळ्यात शेवटी येतो तो. हळवा का टिकत नाही. भाव पडला तर चाळीत भरण्याऐवजी काय करता येईल. गरवा भरायचा तर पात कशी वाळवायची, थर किती उंच लावायचा. आणि मधे एक चौकट, ‘दुकानदार “चालतंय” म्हणाला तर काय समजावं’. तिथे मी लिहिलं की पुन्हा विचारा, समोर बसून विचारा, आणि तो हो म्हणतोय की नुसतं चालतंय म्हणतोय ते ऐका. ही चौकट अण्णांनी लेख लागल्यावर वाचली. फोन आला.

“ताई, ह्ये माझ्यावर लिवलंय.”

“नाही अण्णा. सगळ्या दुकानदारांवर लिहिलंय.”

“सुभेदारानं वाचलं तर?”

सुभेदारांनी वाचलंच. कोणीतरी त्यांना पाठवलं. त्यांनी ते त्यांच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर टाकलं, वर एक ओळ लिहून: ‘आता ऑर्डर क्लिअर आहे.’ या भागात घरटी फौजी. एका ग्रुपवरून दुसऱ्यावर गेलं. तिथून सोसायट्यांच्या ग्रुपवर, तिथून पाहुण्यांत.

हळव्याची चार गिऱ्हाईकं खरंच परत गेली. अण्णांनी ते मला प्रत्येक फोनवर ऐकवलं. मी ऐकून घेतलं. पण शिमगा झाला, गरवा निघायला लागला आणि बाकावर बसायला जागा उरली नाही. लोक यायचे ते लेख वाचूनच. उंदरांचं वाचलेलं, वाटणीचं वाचलेलं. गेज विचारायचे, पत्रा बघायचे, आगाऊ द्यायचे. चपला घालायचे आणि गप जायचे. मी पायरीशेजारी बसून एक अख्खा दिवस काढला, मागे वळून कोणी काही विचारलं नाही. माझ्या धंद्यात याहून मोठं बक्षीस नसतं. कोणी देतही नाही.

आणि नाव?

लेख लागले तेव्हा खाली नाव नव्हतं. मी विक्रमला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, टेम्प्लेटमध्ये ऑथरची जागाच नाहीये. डेव्हलपरला सांगतो.” पुढच्या महिन्यात विचारलं, डेव्हलपर गावाला गेला होता. त्याच्या पुढच्या महिन्यात मी भांडले. माझा आवाज चढला की खालच्या सुताच्या गोदामातले हमाल वर बघतात. विक्रम म्हणाला, “मॅडम, पप्पांशी बोलतो.” आईने एकदा माझा मोबाइल हातात घेतला. ती चौथी पास, मराठी अक्षर लावून वाचते. हळव्याचा अख्खा लेख तिने वाचला, तळाशी गेली, परत वर आली. “अच्छा लिखी गे,” ती आमच्या घरच्या दखनी बोलीत म्हणाली. “तेरा नाम किधर है?”

मी म्हटलं, येईल.

पुढच्या हळव्याच्या आधी साताऱ्याला शेती-अवजारांचं प्रदर्शन भरलं. विक्रमने बोलावलं म्हणून गेले. अण्णांचा स्टॉल कोपऱ्यावर, चांगल्या जागी. मागे माणसापेक्षा उंच फ्लेक्स आणि त्यावर माझं शीर्षक: ‘हळवा कांदा चाळीत ठेवायचा का? नका ठेवू.’ खाली अण्णांचा हात जोडलेला फोटो. फोटोखाली लिहिलं होतं, ‘एका प्रामाणिक उद्योजकाचे अनुभवाचे बोल.’

अण्णा एका ट्रॅक्टरवाल्या डीलरला सांगत होते, “माझ्या डोस्क्यात आलं, खरं त्येच सांगायचं. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. पोरगं न्हाई म्हणत हुतं, मी म्हणलं छाप!” डीलर मान डोलवत होता. तेवढ्यात अण्णांना मी दिसले. चेहरा खरोखर आनंदाने फुलला. “या, या ताई! ह्या आमच्या ताई. सांगलीच्या. आमचं टायपिंगचं सगळं ह्याच बघत्यात.”

डीलरने मला नमस्कार केला. म्हणाला, “आमचंही थोडं टायपिंग असतं. मराठीत टाइप करता का?”

मी अण्णांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे फ्लेक्सच्या मागे, जिथे रिकामे खोके ठेवले होते. खरं सांगते, मला ओरडायचं होतं. सकाळच्या गाडीत उभं राहून आले होते, पाय दुखत होते, ओरडायची ताकद नव्हती.

“अण्णा, नावाचं काय ठरलं होतं आपलं?”

“कसलं नाव?”

“लेखाखाली माझं नाव. पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही ‘चालतंय की’ म्हणाला होतात.”

अण्णांनी आठवून बघितलं. मनापासून आठवून बघितलं, ते खोटं नव्हतं. मग त्यांनी हात हवेत उडवला. तोच हात, सडका कांदा पोत्यात टाकून पुसलेला.

“आवं ताई,” ते म्हणाले, “बोलायची पद्धत असती ती.”

फ्लेक्सच्या पलीकडून कोणीतरी विचारत होतं, “मालक कुठायत?” अण्णा गेले.

वर्षाचा करार संपला तेव्हा विक्रमचा फोन आला, पुढचं वर्षही करू या, पप्पा दर वाढवायला तयार आहेत. मी म्हटलं, दर आहे तोच ठेव, नाव टाक. तो म्हणाला, विचारून सांगतो. मागून अण्णांचा आवाज आला. काय म्हणाले ते तुम्ही ओळखलं असेल. मी फोन ठेवला. आता तिथे विक्रम स्वतः टूलकडून लिहून घेतो. परवा पाहिलं, ‘कांदा चाळीचे फायदे’ पुन्हा लागलाय, नव्या फोटोसह. हळव्याचा लेख मात्र अजून सगळ्यात वर आहे. लोक तोच वाचतात. त्याच्या तळाशी आता अण्णांचं नाव आहे. म्हणजे टेम्प्लेटमध्ये जागा निघाली.

विषय कसे सुचतात, असं नवी मुलं मला विचारतात. मी सांगते, दाराशी बसा, गिऱ्हाईक चप्पल घालताना काय विचारतं ते ऐका, आणि मालक ज्याला नको म्हणेल त्यापासून सुरुवात करा. एवढं शिकवायचे मी पैसे घेते. पुढचं फुकट सांगते: स्वतःचा प्रश्न तिथे विचारू नका.

मी आता नवीन कामाला गेले की पायरीवरच उभी राहते. मालक आतून म्हणतो, या ना मॅडम, बसा. मी म्हणते, बसते, आधी एक सांगा, लेखाखाली नाव कोणाचं? हो की नाही?

बहुतेक वेळा मग चप्पल काढावीच लागत नाही.